अ‍ॅरोबरीच्या भिंतीवरचा नकाशा

आधीच सांगून टाकते, मी इंग्लंडहून चिडून परत आले आहे. विमानाचा शीण, गार जेवण, लेकरांचा विरह, यांतलं काही नाही. साधा सरळ राग. महिना होत आला तरी उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. भोरला परतल्यावर जो भेटला त्याने राणीच्या राजवाड्याचं आणि नदीकाठच्या त्या भल्या मोठ्या पाळण्याचं विचारलं. ते मी पाहिलं, फोटोही आहेत. पण मला सांगायचं आहे ते एका अशा गावाबद्दल, जिथे आपल्याकडचं कुणी जात नाही आणि जायचं काही कारणही नाही. मला कारण होतं. माझा थोरला भाऊ, डॉ. वामन सबनीस, त्या गावात सव्वीस वर्षं डॉक्टर होता.

गावाचं नाव अ‍ॅरोबरी. इंग्लंड संपतं आणि वेल्सचे डोंगर सुरू होतात, त्या शिवेवरचं बाजाराचं गाव. मी भोरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आल्प्सच्या पायथ्याच्या गावांचा एक धडा असायचा. वर कुरणं, खाली शेती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे पेठ. उन्हाळ्यात गुरं वर, थंडीत खाली. आल्प्स मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे मुलांना सांगताना भोरचंच उदाहरण द्यायचे. वरंधा घाट, त्यातून वर येणारं कोकणातलं मीठ, मावळातला तांदूळ, आणि मधे आपण. दादाला मी हे कळवलं होतं. त्याने उलट टपाली लिहिलं, "मालू, तुझा आल्प्सचा धडा मी राहतो त्या गावात आहे. डोंगर बुटके आहेत एवढंच. येऊन बघ."

मी गेले नाही. आधी शाळा होती, मग सासूबाईंचं आजारपण, मग ह्यांचं. दोन हजार चारच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या रागातला काही भाग माझा स्वतःवरचा आहे, तेही लपवत नाही.

शुक्रवार : डोंगर सुरू होतात तिथे

दादा गेल्यावर कुसुमवहिनींनी अ‍ॅरोबरीचं घर विकलं आणि त्या रीडिंगला मुलीजवळ राहायला आल्या. मुलगी, म्हणजे माझी भाची मीरा, तिथल्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात पेशंटांच्या कागदपत्रांचं काम बघते. तिशीची आहे. जन्म अ‍ॅरोबरीचा, मराठी घरातली. मला ती तुम्ही म्हणते, पण क्रियापद तूचं लावते. "आत्या, तुम्ही पुढे बस, तुम्हाला व्ह्यू दिसेल." मला ते फार गोड वाटतं, मी कधी दुरुस्त करत नाही. शाळेत असते तर केलं असतं.

मोटरवेचं वर्णन करत नाही, सगळे मोटरवे सारखेच असतात. हेरफर्ड मागे पडल्यावर मात्र मी सरसावून बसले, कारण माती लाल झाली. कोकणाची आठवण व्हावी इतकी लाल. सफरचंदाच्या बागा फुललेल्या होत्या. आणि मग पश्चिमेला डोंगरांची निळी कड उठली. सह्याद्रीसारखा उघडा कातळ नाही. रवंथ करत बसलेल्या म्हशींच्या पाठी दिसाव्यात तशा एकीमागे एक बसक्या टेकड्या, आणि माथ्यापर्यंत नुसतं गवत. दादाचं वाक्य खरं होतं. डोंगर बुटके होते.

रस्त्याकडेला एका ले-बायमध्ये थांबून आम्ही वहिनींनी केलेले खिम्याचे पॅटिस खाल्ले. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. आपल्या धनगरांच्या मेंढ्या अंगाने सडसडीत, सारख्या चालणाऱ्या. या म्हणजे गाद्यांना पाय फुटलेले. जरा नीट पाहावं म्हणून मी कुंपणाच्या तारेवर हात ठेवला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पॅटिस गवतात पडला.

"आत्या, ती वायर लाइव्ह असते," मीरा म्हणाली. "मी सांगणार होती."

"मग सांगायचं होतंस."

वहिनी हसल्या. रीडिंग सोडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या. मूळच्या अबोल, त्यात आज जास्तच.

अ‍ॅरोबरीचा मुख्य रस्ता एवढ्याशा गावाला शोभणार नाही इतका रुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी दुकानं, मधे दगडी खांबांवर उभा असलेला जुना बाजारहॉल, खाली मोकळा, वर एक मजला. रस्ता रुंद का, ते वहिनींनी सांगितलं. त्यांना दादाने सांगितलेलं. रेल्वे येण्याआधी वेल्समधली गुरं हाकत थेट लंडनच्या बाजाराला न्यायचे, शेकडो मैल पायी. डोंगरातून उतरल्यावरचा पहिला मुक्काम हा. इथे गुरांना नाल मारायचे, आपल्या बैलांना मारतात तसेच, खुराच्या दोन भागांना दोन पत्र्या. आणि हंससुद्धा चालवत न्यायचे. त्यांचे पाय झिजू नयेत म्हणून आधी पातळ डांबरातून आणि मग वाळूतून चालवायचे, की झाले बूट तयार. गावाबाहेर एके ठिकाणी तीन पाइनची झाडं एकत्र दिसली. गुरं हाकणाऱ्यांना इथे रात्रीची जागा आणि चारा मिळेल, अशी ती खूण होती म्हणतात. पुढे रेल्वे आली आणि हाकारे संपले. मग रेल्वेसुद्धा उठली. पण दर गुरुवारचा गुरांचा बाजार राहिला.

तो बाजार बघायची मला फार इच्छा होती. वहिनी मला त्या जागेवर घेऊन गेल्या. ती जागा म्हणजे एका सुपरमार्केटचा कार पार्क निघाला.

तीन वर्षांपूर्वी त्या देशात लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. जनावरं मारून जाळली, बाजार बंद झाले. बरेच बाजार पुन्हा सुरू झाले, इथला झाला नाही. जागा विकली गेली. वहिनी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. "इथे गुरांच्या कठड्यात एकाला बैलाने आपटलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी इथेच जमिनीवर बसून त्याचा खांदा बसवला. मी भाजी घ्यायला आले होते. मला म्हणाले, कुसुम, ह्याचे पाय धर."

कोपऱ्यात पाटी होती, 'मार्केट कार पार्क'. शेकडो वर्षांच्या बाजाराचं एवढंच उरलेलं. आमच्याकडेही हे होतं, नाही असं नाही, पण आमच्याकडे निदान कुणीतरी आरडाओरडा करतं, मोर्चा नेतं. इथे सगळे शहाण्यासारखे गाडी लावून ब्रेड आणायला आत जात होते.

शनिवार : बाजारहॉल

बाजारहॉलच्या वरच्या मजल्यावर गावाचं नवं संग्रहालय उघडलं आहे, हे आम्ही रात्री उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी नाश्त्याच्या वेळी सांगितलं. गावाच्या इतिहास मंडळाने केलंय, नवं पुस्तकही काढलंय, जरूर बघा. आम्ही दहाच्या सुमाराला वर गेलो. मार्गारेट नावाच्या एक हसतमुख बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्या वहिनींना ओळखत नव्हत्या, बाहेरून नव्याने राहायला आलेल्या.

मांडणी चांगली होती. गुरांचे ते दोन पत्र्यांचे नाल होते, बाजाराच्या घंटा होत्या, लोकर कातरायच्या कात्र्या होत्या. मी भूगोलाची मास्तरीण, प्रत्येक वस्तूपुढे थांबत पुढे सरकत होते. वहिनी माझ्या पुढे गेल्या. शेवटच्या भिंतीशी त्या इतका वेळ थांबल्या की मी जवळ गेले.

भिंतीवर चौकटीत एक मोठा नकाशा होता. हाताने काढलेला, दोन रंगांच्या शाईचा. गाव खाली कोपऱ्यात, आणि वर डोंगरात पसरलेली एकेकटी शेतघरं, सत्तर-ऐंशी तरी असतील. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा, फाटकं, ओढे. प्रत्येक घराशेजारी बारीक अक्षरात दोन-चार ओळी.

खाली छापलेली पट्टी होती. मी ती जशीच्या तशी मराठीत देते. 'डोंगरातील शेतघरांचा नकाशा. गावाचे लोकप्रिय डॉक्टर आर्थर बेव्हन यांनी रुग्णांच्या घरी जाण्यासाठी स्वतः तयार केलेला. टिपणे डॉक्टरांच्या खासगी लघुलिपीत असून त्यांचा अद्याप उलगडा झालेला नाही.'

"हा ह्यांचा आहे," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

मी काचेजवळ डोळे नेले. ती लघुलिपी नव्हती. ती मोडी होती.

आमचे वडील मोजणी खात्यात होते. जुनी दप्तरं सगळी मोडीत, म्हणून त्यांनी आम्हा दोघा भावंडांना ती घोटून घेऊन शिकवली. दादाचं अक्षर मी अंधारात ओळखेन. पेशंटबद्दलच्या खासगी गोष्टी रिसेप्शनिस्टने किंवा आणखी कुणी वाचू नयेत म्हणून तो मोडीत लिहितो, हे त्याने मला एकदा कळवलं होतं. वहिनींना मोडी येत नाही, मीराला तर देवनागरीसुद्धा अडखळत येते. त्या अख्ख्या देशात तो नकाशा वाचू शकेल असं त्या क्षणी बहुधा मी एकटीच होते.

मी वाचायला लागले. 'बर्फ पडल्यास हा रस्ता धरू नये. ओढ्याच्या कडेने चालत जावे.' 'म्हातारीस ऐकू येत नाही, खिडकीवर थाप मारावी.' 'पांढरे कुत्रे चावते.' नकाशाच्या माथ्यावर, जिथे संग्रहालयवाल्यांना वेलबुट्टी वाटली असेल, तिथे लिहिलं होतं, श्री.

माझी कानशिलं तापली. मी मार्गारेटबाईंना बोलावलं आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की ही पट्टी खोटी आहे.

"तुम्हाला हे वाचता येतं?" त्या चकित झाल्या. "आम्ही याचे फोटो लघुलिपी शिकवणाऱ्या एका बाईंना पाठवले होते. त्यांनासुद्धा लागलं नाही."

"त्यांना लागणार नाही. ती मराठी आहे."

त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अर्ध्या तासात ते आले. नायजेल बेव्हन, डॉक्टर बेव्हनचे चिरंजीव, चाळिशीचे, घरं विकण्याचा व्यवसाय. वहिनींना बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "मिसेस सॅब, किती वर्षांनी." गावात दादाला डॉक्टर सॅब म्हणत. सव्वीस वर्षांत चार अक्षरं पूर्ण कुणाला म्हणता आली नाहीत. "तुमचे यजमान माझ्या वडिलांचे फार उत्तम असिस्टंट होते."

"पार्टनर," वहिनी म्हणाल्या.

"अर्थात. पार्टनर."

मी त्यांना नकाशाबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या लोकांचं हे ऐकून घेणं फार वाईट असतं. आपल्याकडे माणूस मधेच तोंड घालतो, भांडतो, आणि भांडणातून काहीतरी निष्पन्न होतं. ह्यांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि मग म्हणाले, "फारच रोचक. जुन्या दवाखान्याचं सामान आमच्या घरी आलं त्यात हा निघाला. म्हणजे असं असू शकेल की नकाशा वडिलांचा, आणि टिपणं नंतर डॉक्टर सॅबनी भरली. आपण पट्टीत तसा उल्लेख करू. कमिटीपुढे ठेवतो."

रेषा साहेबाच्या आणि टिपणं नेटिवाची. मला वाटलं होतं ही वाटणी आमच्या आजोबांच्या काळात संपली.

"मिस्टर बेव्हन," मी म्हटलं, "खाली प्रमाण लिहिलंय. एक बोट म्हणजे अर्धा मैल. तेही त्याच लिपीत आहे, त्याच शाईत. बांधाची ही खूण आमच्या मोजणी खात्यातली आहे, आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलेली. आणि वर देवाचं नाव लिहून सुरुवात केलीय. तुमचे वडील असं करायचे?"

ते किंचित हसले. "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ती देवनागरी तर नाही. मी भारतात जाऊन आलोय, मला ती अक्षरं माहीत आहेत. तुम्ही वाचताय त्याची खातरजमा आम्ही कशी करायची?"

"एक घर सांगा. तुमच्या ओळखीचं. मी काय लिहिलंय ते वाचते, तुम्ही पडताळा."

"ठीक आहे. आमचंच घर घ्या." त्यांनी गावाच्या कडेवरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

मी वाकले. दोन ओळी होत्या. पहिली साधी होती. दुसरी होती, 'शनिवारी सायंकाळनंतर बेव्हन यांच्या हातात प्याला असताना बोलावणे आले तर त्यांना जाऊ देऊ नये. आपण जावे.'

खरं सांगते, मला आनंद झाला. असा पुरावा मागूनही मिळाला नसता. मी श्वास घेतला आणि तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी माझं मनगट धरलं.

"वन्सं, ते वाचू नका." त्या मराठीत बोलल्या.

"तुम्हाला माहीत आहे काय आहे ते?"

"मोडी येत नाही मला. पण शनिवारचा फोन आमच्याकडे का यायचा ते माहीत आहे."

"मग वाचू द्या की. हा माणूस दादाला असिस्टंट म्हणतोय."

"आत्या, वाच ना तुम्ही," मीरा मधे पडली. तिचे डोळे भरले होते. "मला बाबाचा नाव पाहिजे तिथे. मी इथे शाळेत गेली. सगळे म्हणायचे, तुझा बाबा डॉक्टर बेव्हनचा हेल्पर आहे. मी लहान होती, मला पण तसंच वाटायचं."

वहिनींनी हे आधी ऐकलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या मुलीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी ते कुणी वाचू नये म्हणून तसं लिहिलं. सव्वीस वर्षं माझ्याजवळ एक शब्द बोलले नाहीत. ते आपण इथे तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे वाचायचं का?"

मला त्या वेळी दादाचासुद्धा राग आला. इतकं कशाला सांभाळायचं माणसाने, की शेवटी आपलं नावच उरू नये?

नायजेल बेव्हन आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

मी पहिली ओळ वाचली. "रस्ता पक्का. फाटक नाही. पुढच्या दाराची घंटा बिघडलेली, मागून जावे."

"घंटा," ते म्हणाले. "ती आम्ही कधीच दुरुस्त केली नाही." मग थांबून म्हणाले, "दोन ओळी आहेत."

"हो."

आता वहिनी इंग्रजीत बोलल्या. मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं. "नायजेल, यात काय आहे ते तुला माहीत नाही. हिला सगळं वाचता येतं. यातली निम्मी माणसं अजून या गावात आहेत, त्यांची मुलं आहेत. माझ्या नवऱ्याने हे डॉक्टर म्हणून लिहिलं, भिंतीवर लावायला नाही. श्रेय नंतर दे. आधी हे खाली उतरव. आज."

मीराने डोळे पुसले आणि तिच्या ऑफिसच्या आवाजात सांगितलं, की जिवंत पेशंटांची माहिती अशी उघड्यावर लावणं कायद्यात बसत नाही, ती स्वतः हेच काम करते, आणि सोमवारी ती हे लेखी कळवू शकते. त्याची गरज पडली नाही. नायजेल बेव्हन स्वतःच खुर्ची घेऊन आले, वर चढले आणि चौकट उतरवली. उतरवताना त्यांची पाठ आमच्याकडे होती. तसंच ते म्हणाले, "शनिवारी आई फोन उचलायची आणि तुमच्या घरचा नंबर द्यायची. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. मला वाटायचं, तशी ड्यूटीच असेल."

त्यांनी चौकट वहिनींच्या हातात दिली.

आता इथे गोष्ट गोड करून सोडता आली असती. पण तसं झालं नाही. त्यांच्या नव्या पुस्तकात तो नकाशा आतल्या दोन पानांवर छापलेला आहे, बेव्हनच्या नावाने. विकल्या गेलेल्या प्रती गेल्या. अक्षरं एवढी बारीक छापलीत की कुणाला वाचता येणार नाहीत, तेवढं एक बरं. उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी घालण्याचं त्यांनी कबूल केलं आणि घातली. मी परत निघण्याच्या आदल्या दिवशी एक प्रत रीडिंगला टपालाने आली. चिठ्ठी माझ्या अंगठ्याएवढी आहे. डॉ. ए. बेव्हनऐवजी डॉ. व्ही. सबनीस वाचावे. सबनीसमधलं एक अक्षर गळलंय. मी लाल शाईने दुरुस्त करून ती त्यांना परत पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.

रविवार : पेनलान

सकाळी मी हट्ट धरला, की नकाशा हातात आला आहे तर त्यावरून डोंगरात जाऊन बघायचं. मीरा म्हणाली, तीस वर्षांत सगळं बदललं असेल. काही बदललेलं नव्हतं. दादाने दाखवलं होतं तिथे ओढा होता, तिथे वळण होतं. मी मागच्या सीटवर चौकट मांडीवर घेऊन बसले होते आणि मोडी वाचून मीराला डावीकडे, उजवीकडे सांगत होते. वाट चढत गेली तशी शेतं संपली, झुडपांची कुंपणं संपली, नेचे आणि गवत सुरू झालं. वर कुरणं, खाली लाल शेती आणि मधे गाव, माझा धडा समोर उलगडून पडला होता. तीस वर्षं जे फळ्यावर काढलं ते इतकं हिरवं असेल असं वाटलं नव्हतं.

वाटेच्या टोकाला एक फाटक आलं. नकाशात घराचं नाव पेनलान होतं. मीरा खाली उतरून फाटक ढकलत राहिली, उघडेना. मी काच खाली करून ओरडले, "उचलून उघड." ते उघडलं.

कुत्रा भुंकत आला, त्याच्यामागून एक उंच, वाकलेली म्हातारी बाई आली. आधी ती रागावूनच आली, खासगी रस्ता आहे म्हणाली. मग तिने गाडीत बघितलं. "कुसुम," ती म्हणाली. पूर्ण नाव, आणि चांगलं उच्चारलं. तिचं नाव मिसेस प्रोबर्ट. नवरा गेलेला, मेंढ्या साथीत गेलेल्या, त्यानंतर थोड्याच परत घेतलेल्या. तिने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं, चहा केला, तव्यावर भाजलेल्या बेदाण्यांच्या चपट्या गोड भाकऱ्या दिल्या. आपल्या दशम्यांची आठवण झाली. आणि पाणी दिलं ते इतकं चवदार होतं की मी दुसऱ्यांदा मागितलं.

वहिनींनी तिला बाजारहॉलमधली सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून म्हणाली, "आर्थर बेव्हन या डोंगरावर कधी चढला? मला तरी आठवत नाही." एवढं एक वाक्य ऐकायला मी भोरहून आले होते असं मला वाटलं. तिने हात पुसले आणि चौकटीशी आली. "आमच्याबद्दल काय लिहिलंय डॉक्टरांनी?"

मी वाचलं. "फाटक उचलून उघडावे. कुत्रे चावत नाही, नुसते भासवते. विहिरीचे पाणी गोड."

ती हसली. "तो कुत्रा ह्याचा पणजोबा असेल." मग तिने काचेवर नख ठेवलं. "खाली अजून आहे."

मी ते आधीच वाचलं होतं. मी वहिनींकडे बघितलं आणि मराठीत ओळी सांगितल्या. वहिनींनी थोडा विचार केला. "सांगा," त्या म्हणाल्या. "ते तिचंच आहे. तिच्यापासून काय लपवायचं."

मी शक्य तितक्या साध्या इंग्रजीत सांगितलं. "मुलगा ओढ्यात गेला. आपण होऊन विषय काढू नये. ती बोलली तर घड्याळ पाहू नये."

मिसेस प्रोबर्ट खुर्चीवर बसल्या. बाहेर मेंढ्यांचा आवाज येत होता. मीराने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

"त्यांनी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं येत होते. मला वाटायचं, परक्या देशातला माणूस, ह्यांना कुणी सांगितलं नसेल. मीच दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी बोलत बसले ती दूध काढायची वेळ टळून गेली. गाई ओरडायला लागल्या. ते तिथे बसले होते, तुम्ही बसलाय तिथे."

मग त्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर वाकल्या.

"यातला घड्याळ हा शब्द कुठला?" त्यांनी विचारलं.

मी तो शब्द दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडून त्याचा उच्चार दोनदा म्हणवून घेतला.